चौदा खणांचा डबा

पदव्युत्तर ग्राफिक डिझाइन, शेवटचं वर्ष. उद्या परीक्षा. फॉर्म आज पाचपर्यंत द्यायचा. रकाने तीन.

आवड:
अक्षरं. कोरी जागा. शांतता. (हे खोडलं.) झोप.

प्रभाव:
इथे मोठमोठी नावं लिहायची असतात. पहिल्या वर्षी चार लिहिली होती. त्यातल्या दोघांचं काम मी धड बघितलंही नव्हतं.

माझं अंतिम काम म्हणजे गोळ्यांचा डबा. सात खण सकाळचे, सात रात्रीचे. पांढऱ्या झाकणांवर फिकट राखाडी, बारीक अक्षरं. तो राखाडी ठरवण्यात पाच आठवडे गेले. सर म्हणाले, "वा! अक्षरं कुजबुजतायत." पदवी या डब्यावरच अवलंबून आहे.

डबा आत्याला वापरायला दिला. ती आमच्याकडेच असते, रक्तदाबाच्या गोळ्या घेते. चौथ्या दिवशी सकाळी ती चक्कर येऊन पडली. सकाळच्या गोळीबरोबर रात्रीचीही घेतली होती. दवाखान्यात कपाळाला तीन टाके पडले.

"अगं, झाकणावर लिहिलं होतं ना!"

"लिहिलं होतं? मला वाटलं नक्षी आहे."

"मग विचारायचंस तरी."

"तू एवढी राबलीस. दिसत नाही म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?"

"सर म्हणतात, अक्षरं कुजबुजतात."

"मग जरा ओरडायला सांग त्यांना. आणि रडतेस काय, टाके मला पडलेत."

घरी येऊन तिने झाकणांवर चिकटपट्टी लावली आणि जाड मार्करने लिहिलं: स, स, स. रा, रा, रा. वेडंवाकडं. एका 'रा'चा काना पट्टीबाहेर गेलाय. दारातून, चष्मा न लावता मला वाचता आलं.

प्रभाव: आत्या.

शिकलेले धडे (शंभर शब्दांत):
घरचे लोक मन राखायला खरं सांगत नाहीत. दारात उभं राहून

कॉलेजात बसून इथवर लिहिलं आणि सर आले. त्यांनी आधी फॉर्म वाचला, मग डबा बघितला.

"हे काय चिकटवलंयस?"

"आत्याने केलंय."

"कपाटात दुसरा, कोरा करकरीत नमुना आहे ना? तो मांड. आणि हे टाके वगैरे काढून टाक. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतेस? नापास करतील, बाई."

कोरा नमुना आहे. देखणा आहे. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात आहे. पण उठायचासुद्धा कंटाळा आलाय, आणि तो फक्त पायांचा नाही.

"हाच मांडणार, सर."

सरांनी डबा उचलला. आत खुळखुळलं.

"यात गोळ्या आहेत?"

"हो. रात्रीच्या आत घरी न्यायचाय."

"आणि उद्या? दहाला परीक्षक येतायत."

"तिची सकाळची गोळी झाली की घेऊन येते."