बायजा लोहारणीचा मोर

"आरं, पालथी घाल ती झडप. मला मागनं बघू दे."

मी फाटकाची मोडकी झडप गवतावर पालथी घातली आणि बायजावहिनी गुडघे टेकून तिच्यावर वाकली. फाटकाकडे माणूस पुढून बघतो. पारशी आवाबाईंच्या बंगल्यावर माळीकामाला लागल्यापासून अकरा वर्षं मीही पुढूनच बघत होतो. तेवढंच बघून माझं पोट भरत होतं म्हणा! आवाबाईंच्या वडिलांनी ते फाटक विलायतेहून बोटीनं मागवलेलं. कर्जत स्टेशनपासून खालापूरच्या वाटेवरच्या आमच्या बंगल्यापर्यंत ते चार बैलजोड्यांनी ओढून आणलं होतं. लोखंडाचा वेल अंगाला पीळ देत वर चढत गेलेला, पानापानावर शिरा उमटलेल्या, आणि दोन झडपांवर दोन मोर, एकमेकांकडे तोंड करून. नवी बकरी त्या पानांना चुकून तोंड लावते, हे मी स्वतः पाहिलंय.

असल्या फाटकाला लाकडं भरलेली एक लॉरी वळणावर येऊन धडकली. एक झडप वाकली आणि तिच्यावरच्या मोराचे तुकडे झाले. लढाईचे दिवस. मुंबईच्या कारखानदारांनी सांगितलं, लढाई संपल्यावर या. त्यात जुन्या लोखंडाचा एक व्यापारी येऊन दोन्ही झडपा मागून गेला. अर्ध्या उघड्या फाटकातून रानडुकरं बागेत शिरत होती, म्हाताऱ्या आवाबाई कंटाळल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत कोणी उभा करून दिला तर ठीक, नाय तर तो घेऊन जाईल."

मी धावलो ते गोमा लोहाराकडे. आणि त्याच्या दारात पोचल्यावर आठवलं, की गोमादादाच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, मी मात्र शंख! हात लुळा पडल्यापासून भट्टी थंड होती. शेतकरी फाळ घेऊन कर्जतला जायला लागले होते, आणि गोमादादाचा चुलतभाऊ भाता न् ऐरण विकत मागत होता. बायजावहिनीनं वीस वर्षं नवऱ्यासमोर उभं राहून घण मारला. आमच्याकडे लोहाराच्या घरात घण बाईच मारते. पण सांडशीत तापलं लोखंड धरायचं आणि लहान हातोडीनं घणाला जागा दाखवायची, ते पुरुषानं. सांडशी बाईच्या हातात कुणी पाहिलीच नव्हती.

"मी करते," ती म्हणाली होती. "हे जमलं नाय तर भट्टी देऊन टाकू. पन बघितल्याबिगर नाय."

आणि आता ती झडपेच्या पाठीवरून बोटं फिरवत होती.

"ह्ये बग कोंडाजी. वतीव नाय, घडीव हाय. ठोके मोज. ह्या पानाला सात, त्या पानाला सात. आनि हितं..." ती एकदम हसली. "हितं त्याचा एक ठोका चुकलाय. कोन साहेब असंल तो, पन हात आपल्यासारकाच की रं!"

इतकी वर्षं ते फाटक रोज पुसणारा मी, मला एक ठोका दिसला नव्हता. खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. नवं लोखंड मिळत नव्हतं, म्हणून वहिनीनं बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव काढली. गोमादादा डाव्या हातानं भाता ओढायला बसला, सांडशी वहिनीकडे, आणि घण माझ्याकडे. वहिनीनं बजावलं, "माजी हातोडी पडंल तितं मारायचं. हातोडी मोकळ्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. समजलं का?"

समजलं म्हटलं. त्यात काय मोठंसं!

तीन दिवस घण मारला. हाताची सालटी निघाली, पण पिसारा झाला, एकेक डोळ्यासकट. गोमादादा भाता ओढता ओढता लालेलाल लोखंडाचा रंग बघून "आता काढ" म्हणायचा, आणि तिनं ते त्याआधीच काढलेलं असायचं. रविवारी दुपारी मान राहिली होती. धावेचा तेवढाच तुकडा उरला होता. मला चेव चढलेला. ऐरण वाजली, आणि मी आणखी एक घण घातलाच.

मान चपटी झाली. भाकरीसारखी.

"आरं मेल्या!" वहिनी ओरडली. "थांब म्हून सांगितलं ना तुला!" मग ती खालीच बसली. मला तर भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं मला दिसलं. गोमादादा मात्र भाता ओढतच राहिला.

"इस्तू इझू देऊ नको," ती शेवटी त्याला म्हणाली, आणि मान परत आगीत घातली. चपट्या जागी लोखंड पातळ झालं होतं, ते सरळ उभं राहिलं नसतं. तिनं ते हळूहळू मागं वळवलं, दुमडलं, पुन्हा वळवलं. मला घणाला हात लावू दिला नाही.

सोमवारी व्यापाऱ्याच्या आधी आम्ही बैलगाडीनं बंगल्यावर पोचलो, झडप सरळ करून तिच्यावर मोर बसवला आणि ती बिजागरीवर चढवली. आवाबाई काठी टेकत आल्या. एक मोर पूर्वीसारखा समोर बघत होता, आणि दुसरा मान वळवून स्वतःच्या पिसाऱ्याकडे.

"आ मोर पाठी काय बघते?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "मान चेपली बाय माज्याकडनं. म्हून वळवली."

माझ्याकडनं, म्हणाली! आवाबाईंनी त्या मानेवरून हात फिरवला, मग दुसऱ्या मोराच्या मानेवरून, मग पुन्हा हिच्यावरून. "चाळीस वरस एकमेकाचा तोंड बघून कंटाळला असेल बिचारा," त्या म्हणाल्या आणि खदखदून हसल्या. व्यापाऱ्याला त्यांनी आत येऊच दिलं नाही. मग गाडीत बसलेल्या गोमादादाकडे वळून म्हणाल्या, "शाबास गोमा! हात अजून पण तसाच आहे तुझा."

"माजा हात सा म्हयनं झालं पडलाय, बाय," गोमादादा म्हणाला. "ह्यो हिचा हाय."

असं तो चारचौघांत, मोठ्यानं बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा निरोप आला, कुदळ घेऊन ये. जाऊन बघतो तो ऐरणीपाशी बसलेला, मांडीवर नारळ.

"ऐरण काढायची हाय."

ती ऐरण त्याच्या आजोबांनी रोवलेली. सगळं घराणं ताडमाड उंच, तिचा ठोकळाही त्यांच्याच मापाचा. बायजावहिनी ठेंगणी. लोहार बसून हातोडी मारतो, पण बसल्यावर तिला ऐरण उंच पडायची, म्हणून चारही दिवस तिनं गुडघ्यांवर उभं राहून काम केलं होतं. मी समोर असून मला ते दिसलं नव्हतं, त्याला दिसलं होतं.

"ईतभर खाली घे," तो म्हणाला.

खणायला दुपार झाली. त्यानं वहिनीला समोर बसायला लावलं, हातोडी उचलायला लावली, आणखी दोन बोटं खाली घ्यायला लावली. बसली ऐरण मापात. मग डाव्या हातानं नारळ तिच्यापुढे केला.

"तूच फोड, बायजा. तुजी हाय आता."

ती नारळ हातात धरून रडत बसली, आणि आम्ही दोघं ती फोडेपर्यंत थांबलो.