प्रार्थनाघराच्या अंगणातला बंब

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा बंब आहे. पोटात जाळ आणि भोवती पाणी, असा माझा संसार. या दोघांना एकत्र नांदवणे सोपे नाही, म्हणून माझ्या अंगी थोडा ताठा आहे. तो आधीच कबूल करून टाकतो.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. ठोके खाऊन खाऊन मला आकार आला. तिथून मी एका मिशनच्या दवाखान्यात गेलो. गोजाबाई तिथे सुईण होत्या. कितीतरी बाळंतिणींना त्यांनी माझ्या पाण्याने न्हाऊ घातले. त्यांची नोकरी संपली तेव्हा दवाखान्याने विचारले, "बाई, आठवण म्हणून काय हवे?" बाईंनी मला मागून घेतले! त्या दिवसापासून माझा ताठा वाढला असेल, तर दोष त्यांचा आहे.

१९५३ साली आम्ही दोघे चिंचवडजवळ रेल्वेलाइनीच्या कडेला एका वस्तीत आलो. पिंपरीला तेव्हा कारखान्याचे बांधकाम चालले होते आणि त्यावर काम करणारी माणसे इथे राहत. बहुतेक नगरकडची. त्यांत सात घरे ख्रिस्ती होती. पत्र्याची एक शेड हे त्यांचे प्रार्थनाघर आणि तिच्या अंगणात माझे ठाणे. पाळक महिन्यातून एकदा खडकीहून सायकलवर येत. एरवी मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, भिमाजी उपासना चालवत. भिमाजी गवंडी होते. त्यांची भिंत सरळ आणि प्रार्थना लांब, अशी ख्याती होती. बायका चुलीवर डाळ ठेवून प्रार्थनेला कधी येत नसत.

दर शनिवारी वस्तीतली सगळी पोरे माझ्या पाण्याने न्हात. नाताळच्या आधी गोजाबाई मला चिंच आणि राखेने घासत, तेव्हा मी असा लखलखे की शेजारच्या बायका माझ्यात बघून कुंकू नीट करून घेत. मी सुखात होतो.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. ओढ्यातल्या डबक्याचे पाणी पिऊन माणसे पटापट आडवी पडू लागली. गोजाबाईंनी सातही घरांना अंगणात बोलावले. "उकळल्याबिगर एक घोट कुणी प्यायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् आपलीच घरं न्हाईत, समदी वस्ती."

तेव्हापासून रोज सकाळी कामावर जाण्याआधी मंडळी जमत. आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना होई आणि मग माझे उकळलेले पाणी घागरींतून दारोदार जाई. ज्या घरात शेजारीही पाऊल टाकत नव्हते, तिथले घाण झालेले कपडे या बायका उचलून आणत आणि धूत. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. खोटे सांगत नाही.

एकच दार बंद राहिले, ते हिंदुरावांचे. हे मूळचे चिखलीचे, बैलगाडीने बांधकामावर दगड वाहत. ते भिमाजींना म्हणाले, "आंघुळीच्या बंबाचं पानी प्यायचं? आन् ते बी तुमच्या हातचं? आमाला बाटवायचा बेत हाय व्हय?" आंघोळीचा बंब! मला फार लागले ते.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको रुक्मिणीबाई आजारी पडली.

त्या सकाळी मला भरायची पाळी भिमाजींची होती. त्यांनी एक घागर ओतली, जाळ लावला, आणि प्रार्थनेची वेळ झाली म्हणून बाकीच्या घागरी तशाच ठेवून ते आत गेले. मंडळीने डोळे मिटले. भिमाजींनी सुरुवात केली. सरकार झाले, दवाखाने झाले, नगरकडचे नातेवाईक झाले. मग ते म्हणाले, "हे स्वर्गीय पित्या, आमचे शेजारी हिंदुराव यांचे मन उघड. त्यांना आमच्या दाराशी आण."

आणि मित्रांनो, हिंदुराव दाराशीच उभे होते!

हातात रिकामा तांब्या होता. वहाणा बाहेर काढल्या होत्या. देवाचे काम चालले आहे, मध्ये बोलू नये, म्हणून तो भला माणूस ओठ आवळून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. आत त्याच्यासाठी प्रार्थना वाढत होती आणि माझे पाणी आटत होते. मी खदखदलो, फुसफुसलो, पण माझे कोण ऐकणार? शेवटी पोटातल्या सांध्याचा डाख वितळला आणि मी चर्रकन फुटलो.

गोजाबाईंनी एक डोळा उघडला. दारात हिंदुराव दिसले. 'आमेन' व्हायच्या आत त्या उठल्या. असे कधी झाले नव्हते.

"रुक्मिणी कशी हाय?"

"लई वाईट हाय, बाई. घोटभर पानी द्या."

माझ्यात पाणी कुठले? भिमाजींनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहराच उतरला. "देवानं धाडलेला मानूस मी उभा ठेवला," ते म्हणाले. मग हा साठीचा माणूस घागर घेऊन असा पळाला की पोरेही मागे पडली. सात घरांच्या सात चुली पेटल्या. पातेली, डेचक्या, सापडेल त्यात पाणी उकळले. गोजाबाई रुक्मिणीबाईंच्या उशाशी बसून चमच्याचमच्याने मीठ घातलेली पेज पाजत राहिल्या. दुपारी सरकारी डॉक्टर आले, सलाईन लावले आणि म्हणाले, "पाजत राहिलात म्हणून बाई हाती लागल्या."

रुक्मिणीबाई वाचल्या. मी मात्र कोपऱ्यात पडलो. पटकी ओसरली, पाऊस झाला, माझ्यावर हिरवा गंज चढला. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. आता मोडीतच जाणार, असे वाटून मला रडू येई. पण दसऱ्यानंतर हिंदुरावांनी मला गाडीत घातले, गवत लावून बसवले, आणि थेट तांबट आळीत नेऊन डाख भरून आणले. कुणी त्यांना सांगितले नव्हते.

मित्रांनो, फुटलेल्याला लगेच टाकून देऊ नका, मग ते भांडे असो की माणूस. आणि देवाजवळ कुणासाठी काही मागाल, तेव्हा एकदा दाराकडेही बघत जा.

मी परतल्यावरच्या पहिल्या सकाळी रुक्मिणीबाई आपल्या पाटासकट अंगणात आल्या आणि माझ्यापाशी बसल्या. "तुमी खुशाल डोळं मिटा," त्या मंडळीला म्हणाल्या. "जाळाकडं मी बघते." आत प्रार्थना सुरू झाली. थोड्या वेळाने भिमाजी मध्येच थांबले आणि त्यांनी आतून हाक दिली, "रुक्मिणीबाई, पानी हाय का?"

"काठोकाठ हाय," त्या म्हणाल्या. "चालू द्या तुमचं."