आमदाराच्या बायकोचा शब्द

बुधवारी सकाळी नऊपासनं लोक मला एकच विचारायले होते. "वहिनी, साहेब कोणत्या पक्षात हायत?"

आता मला काय ठाऊक? मंगळवारी संध्याकाळी मी ह्यांच्या बॅगेत दोन जोड कपडे, बीपीच्या गोळ्या आन् शेंगदाण्याची चटणी भरून दिली. "मुंबईला बैठक हाय, परवा येतो," म्हणले आन् गेले. बुधवारी सकाळी टीव्हीवाला बोंबलायला, नऊ आमदार गायब म्हणून. नऊ फोटोंत एक फोटो आमच्या ह्यांचा, तो बी जुना, मिशा काळ्या असतानाचा. फोन लावला तर बंद. ह्यांचा पीए सुगत, त्याचा बी बंद.

लातूरच्या आमच्या घरासमोर दहा वाजेपर्यंत दोन टोळ्या जमल्या. एका टोळीनं हार आणले होते, दुसरीनं जाळायला पुतळा. आन् दोन्हीकडची पोरं आमचीच! काल-परवापर्यंत माझ्या हातचे पोहे खाल्लेली. मी दोघांना एकाच पातेल्यातला चहा पाजला. एक जण मला विचारतो, "वहिनी, आम्ही कोणती घोषणा देऊ?" मी म्हणले, "बाबा, कप खाली ठिव आन् मग काय बोंबलायचं ते बोंबल."

खोटं कशाला बोलू, हा माणूस आमदार व्हायच्या आधी लई बरा होता. शिवशंकर मोटारवाले म्हणायचे लोक. मुरुडला पत्र्याच्या खोलीत पाण्याच्या जळलेल्या मोटारी बांधून द्यायचे, हात कायम वार्निशनं चिकट. मग लातूरला दुकान टाकलं, बोअरच्या मोटारी आन् पाईप. ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या साली बाकी दुकानदारांनी मोटारी विकून घरं बांधली. आमचे हे आल्या गिऱ्हाईकाला म्हणायचे, "बोअरला थेंब न्हाई, मोटार नेऊन काय तिला हवा खायला सोडतो का? जा घरी." मी कपाळाला हात लावायची. पण तेच लोक पुढं ह्यांच्याकडं यायला लागले. गावचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे डीपी जळाली, ह्यांच्याकडं. लाईनमन येईना, ह्यांच्याकडं. हे दुकान बंद करून वीज कचेरीत भांडायला जायचे. कुणीतरी म्हणलं, उभे राहा. झालं, खूळ शिरलं डोक्यात.

आन् ह्यांना निवडून आणलं कुणी, तर महादेवप्पा सरांनी. हे मी देवासमोर बी सांगीन. सर मूळचे कंधारचे, पण मुरुडकडच्या शाळांत बावीस वर्षं शिकवलेले. तिकडं घरटी एक तरी माणूस त्यांच्या हातची छडी खाल्लेला. ज्या पक्षानं ह्यांना तिकीट दिलं त्यात सर तीस वर्षं, आन् त्या तीस वर्षांत पक्षाकडनं रस्त्या-पुलाची एक गुत्तेदारी घेतली न्हाई की पोराला नोकरी मागितली न्हाई. रिटायर होऊन नांदेडला राहायला गेले होते. निवडणुकीत वीस दिवस येऊन राहिले, दारोदार फिरले. "हा व्यापारी हाय, पण ह्याची गॅरंटी मी घेतो," एवढंच बोलायचे. लोकांनी शिवशंकर मोटारवाल्याला मत दिलं, ते सरांच्या ह्या वाक्याला दिलं.

त्या वीस दिवसांत आमची मनू, म्हणजे मनस्विनी, त्यांना आवडली. त्यांचा श्रीनाथ नांदेडला कॉलेजात शिकवतो. पोरगा गुणाचा, पोरीला बी पसंत. रविवारी नांदेडला साखरपुडा ठरला होता. हॉल ठरला, साडी घेतली, पत्रिका वाटून झाल्या. आन् बुधवारी ही गत.

गुरुवारी सकाळी सरांचा फोन आला. मला वाटलं, सोयरीक मोडली.

"ताई," सर म्हणाले, "घाबरू नका. साखरपुड्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही. मला फक्त एक सांगा. शिवशंकर पक्ष सोडून चालले की नाही?"

"सर, मला खरंच..."

"चालले असतील तर तसं सांगा. मी मुरुडला जाऊन लोकांना तसं सांगतो, तुमचा आमदार गेला, माझी चूक झाली. मला लाज नाही त्याची. पण मला टीव्हीवरनं कळू नये, ताई. काल दिवसभर पोरं फोन करायलीत, सर, तुम्ही गॅरंटी घेतली होती म्हणून. मी त्यांना काय सांगू? एवढं विचारून द्या."

एवढंच मागितलं त्या माणसानं. बस्स, एवढंच.

दुपारी बाराच्या सुमारास अनोळखी नंबरवरनं ह्यांचा फोन आला. आवाज बसलेला.

"राजी, जेवलीस का?"

"जेवण गेलं चुलीत! कुठं हाव तुम्ही?"

"हाटेलात हाय."

"कोणत्या गावच्या?"

"ते सांगितलं न्हाई अजून. समुद्र दिसतो खिडकीतनं."

मी डोक्याला हात लावला. अहो, माणसाला आपण कोणत्या गावात हाव ते कळंना?

"मंगळवारी एका गाडीत बसलो," हे सांगायले, "अर्ध्या वाटेत दुसऱ्या गाडीत बसवलं. काल एक साहेब येऊन म्हणले, तुम्ही आपल्याकडंच. आज दुसरे येऊन म्हणले, तुम्ही आपल्याकडंच. दोघं बी एकाच टेबलावर नाष्टा करायले. राजी, दुकानात काउंटर असायचा बघ. तिकडून गिऱ्हाईक, हिकडून मी. हितं कळंना कोण कुठल्या बाजूला हाय."

"ते राहू द्या. तुमच्या मनात काय हाय?"

मग म्हणले, "माझ्या मनात जायचं न्हाई."

"नक्की?"

"मनूच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, जात न्हाई."

"ती हितं हाय, तुम्ही तिथं. हात कसा ठेवता?"

"धर तिच्या कानाला फोन."

मी धरला. पोरगी रडायलीच होती. तिला बी तेच सांगितलं त्यांनी, "मी जात न्हाई, बाळा." मग मी सरांना फोन केला. शब्द न् शब्द आठवतो मला. म्हणले, "सर, जात न्हाईत हे. माझा शब्द हाय." ह्यांचा शब्द हाय असं म्हणले असते तर? पण न्हाई म्हणले. माझा म्हणले. आनंदात माणूस काय बी बोलतं.

"देव भलं करो, ताई," सर म्हणाले. त्याच दुपारी ते नांदेडहून एसटीनं मुरुडला गेले. सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले. शाळेच्या मैदानावर शंभर-दीडशे लोक जमले होते म्हणे. सरांनी उभं राहून सांगितलं, "शिवशंकर कुठंही जात नाहीत. मी त्यांच्या घरी ताईंना विचारून आलोय, त्यांनी शब्द दिलाय."

शुक्रवारी साडेचारला टीव्हीवर आमचे हे. गळ्यात नव्या पक्षाचं उपरणं, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलेले हात वर. चेहरा असा, की दुसऱ्याचा सदरा घालून लग्नाला आलेत. मी मोठ्यानं शिवी दिली. देवघरासमोर उभी होते, तरी दिली.

मग फोन केला सरांना. मी काय बोलणार होते देव जाणे. मला रडू आलं नुसतं.

"ताई, रविवारी अकराला हॉलवर या," सर म्हणाले. "स्वयंपाक्याला पन्नास पानं वाढीव सांगितलीत." रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या तर जीव हलका झाला असता माझा.

शनिवारी हे घरी आले. मी बोलायची न्हाई असं ठरवलं होतं, पण तोंडाला कुलूप लावायची मला सवय कुठली?

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता ना?"

"राजी, तेव्हा खरंच जाणार नव्हतो."

"मग?"

"मग सगळे उठले, मी बी उठलो." आन् माझ्याकडं असं बघायले, जसं ह्याचं उत्तर मीच द्यायचं. "मतदारसंघाला निधी देतो म्हणले. डीपी देतो म्हणले, चाळीस. चाळीस डीपी, राजी. चूक केली का मी?"

चाळीस डीपी म्हणजे चाळीस गावांच्या मोटारी चालणार. वाईट हाय का ते? मग सरांचं काय? माझं डोकं पार पिचून गेलं. मी एवढंच म्हणले, "उद्या नांदेडला आमदार म्हणून यायचं न्हाई. उपरणं न्हाई, मंत्री न्हाई, गाड्या न्हाईत. पोरीचा बाप म्हणून या."

"बाप म्हणूनच येतो," म्हणले.

रविवारी मी न् मनू पाहुण्यांबरोबर पुढं गेलो. हॉलच्या दारात सर उभे, पांढरा नेहरू शर्ट, हात जोडून सगळ्यांना या या करायले. माझ्याशी बी तसंच हसले. मी मान वर केली न्हाई. अकराला विधी करणाऱ्या आमच्यातल्या स्वामींनी सुरुवात केली. मनू पाटावर बसली, विहीणबाई गुरम्मांनी कुंकू लावलं. सर पाटाशेजारी ताट घेऊन उभे. ताटात साडी-चोळी, पाच खोबऱ्याच्या वाट्या आन् वर साखरेचा पुडा. आमच्यात ओटी भरायचं ताट एकदा उचललं की ओटी भरल्याबगर खाली ठेवत न्हाईत, आन् दुसऱ्याच्या हातात बी देत न्हाईत. ताट जड होतं. मला सरांच्या मनगटाच्या शिरा दिसायल्या होत्या.

तेवढ्यात बाहेर हॉर्न. एक, दोन, सात गाड्या. हे आले, आन् ह्यांच्या पुढं मंत्री.

सगळा हॉल उठला. मंत्री थेट स्टेजवर चढले. मनूच्या डोक्यावर हात ठेवला, श्रीनाथची पाठ थोपटली. सुगतनं स्वामींच्या हातनं माईक घेतला, "घेतो हं स्वामीजी, एकच मिनिट," म्हणत. मंत्री माईकमध्ये म्हणले, "असे सोयरे मिळायला भाग्य लागतं. महादेवप्पा सर, तुमच्यासारखी जुनी-जाणती माणसं आता आमच्याबरोबर!" मागनं कुणीतरी नवं उपरणं पुढं केलं. मंत्र्यांनी ते सरांच्या गळ्यात टाकलं.

टाळ्या. दहा-बारा मोबाईल वर. खटाखट.

सरांच्या हातात ताट. काय करतील ते? ताट टाकलं तर पोरीची ओटी सांडते, अपशकुन होतो, सोयरीक नासते. ताट सांभाळलं तर तीस वर्षं जातात. सर ताट सांभाळून उभे राहिले. एकदा श्रीनाथकडं बघितलं, एकदा मनूकडं. आन् आमचे हे, देवा, आमचे हे बी टाळ्या वाजवायले! मी डोळे वटारले तेव्हा कुठं त्यांचं आपल्या हातांकडं ध्यान गेलं. थांबले. मंत्री उतरून गाडीकडं गेले तरी हे तिथंच उभे.

मी पदर खोचला आन् चढले स्टेजवर. कोण काय म्हणायलं ते ऐकलं न्हाई. सरांच्या गळ्यातलं उपरणं काढलं, गोळा केलं. आता हे ठेवू कुठं, ते बी कळंना. काखेत धरलं.

"राहू द्या, ताई," सर हळूच म्हणाले. "फोटो निघालाय."

स्वामींनी पुन्हा मंत्र सुरू केला. गुरम्मा ताटातनं एकेक खोबऱ्याची वाटी उचलून मनूच्या पदरात घालायल्या. तोवर सुगतनं मोबाईलवरनं सगळ्या ग्रुपांत फोटो टाकून दिलेला. "ज्येष्ठ नेते महादेवप्पा सर यांचा जाहीर प्रवेश." त्याला कुणी सांगितलं होतं? हे म्हणतात मी न्हाई. सुगत म्हणतो साहेबांनी. मंत्र्यांच्या माणसाला म्हणे वाटलं होतं की सगळं ठरलेलंच हाय. खरं काय, मला आजपर्यंत कळलेलं न्हाई.

दुसरी वाटी पदरात पडली आन् सरांच्या खिशातला फोन वाजायला लागला. बंद झाला, पुन्हा वाजला. सरांना हात मोकळा न्हाई. ते समोर बघत उभे. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला राहवंना. मी त्यांच्या खिशातनं फोन काढला आन् कोपऱ्यात जाऊन कानाला लावला.

"सर, मी मुरुडहून आनंदराज बोलतोय. फोटो बघितला. खरं हाय का हे?"

"न्हाई बाबा," मी म्हणले. "सर कुठंच गेले न्हाईत. त्यांच्या हातात ताट होतं, बळंच टाकलं गळ्यात. खोटं हाय सगळं. सांग सगळ्यांना."

"तुम्ही कोण बोलायलाव?"

"मी राजकन्या. शिवशंकरची बायको. माझा शब्द हाय."

"वहिनी," तो म्हणला, "गुरुवारी बी तुमचाच होता."

आन् त्यानं फोन ठेवला.