मोसिऊवाच्या छातीतला कण

मी धुळीचा एक कण बोलतोय. हसू नका. मी रस्त्यावरचा नाही, सोन्याच्या खाणीतल्या खडकाचा आहे. सोनं वर गेलं, तिथं त्याचे लाड झाले. मी मात्र लेसोथो देशातून परमुलखात खाणकामाला आलेल्या मोसिऊवाच्या छातीत अडकलो.

ड्रिल मारताना खडकावर पाणी सोडायचं असतं, म्हणजे धूळ खाली बसते. पण पाण्यानं चिखल होतो, काम रेंगाळतं. मुकादम ओरडायचा, "नळी बंद करा रे!" नळी बंद झाली आणि पुढच्याच श्वासाला मी आत गेलो. आत माझे भाऊबंद आधीच दाटीनं बसले होते.

बाहेर पडायला दार एकच, खोकला. मोसिऊवा खोकला की आम्ही सगळे धडपडायचो. कुणीच सुटलं नाही. उलट आमच्याभोवती मांस घट्ट होत गेलं. आम्ही कोंडलो आणि आमच्यापायी तोही कोंडला. चार पावलं चालला तरी धापा टाकायचा. फार कीव यायची मला त्याची.

खाणीच्या दवाखान्यानं टीबी ठरवून त्याला घरी धाडलं. गोळ्या संपल्या, खोकला राहिला. गाव म्हणालं, तिकडं सिगारेटी फुंकल्या असतील. जन्मात सिगारेटला हात न लावलेला माणूस तो! त्या दिवशी तो रडला.

"मी गेलो की माझी फुप्फुसं काढून तपासायला दे," तो बायकोला म्हणाला. तिला सगळे मालिनेओ म्हणायचे, म्हणजे लिनेओची आई. "टीबी नव्हे, सिगारेट नव्हे, खाणीची धूळ आहे आत. खरं काय ते कळू दे."

"आणि पूर्वजांपुढं श्वासाशिवाय कसे उभे राहाल?"

"आत्ता तरी कुठं घेतोय मी श्वास?"

दोघंही हसली. मग ती बराच वेळ त्याची पाठ चोळत बसली.

तो गेला. शवागाराच्या दारात त्याचा थोरला भाऊ चोकोलो आडवा उभा राहिला. "लिनेओची आई, आमच्यात अर्धा माणूस पुरत नाहीत. लोक तोंडात शेण घालतील." एवढं बोलून त्याला ढास लागली. तोही त्याच खाणीत राबलेला. ती ढास मी ओळखली. मालिनेओनंही ओळखली.

"भावोजी, तुम्हाला काय सांगितलंय दवाखान्यानं? टीबीच ना?"

चोकोलो भिंतीला टेकला. म्हणाला, "मग छातीतल्या रिकाम्या जागी काय ठेवशील?"

"त्यांची घोंगडी. घडी करून."

तो दारातून बाजूला झाला.

आता मी मोसिऊवाच्या फुप्फुसासकट शहरात एका बरणीत आहे. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ही खाणीतली धूळ." मोसिऊवा खरा ठरला. बरणीचं झाकण घट्ट आहे. माझी सुटका नाही, नसू दे.

पण तिकडं चोकोलोच्या छातीत माझेच भाऊबंद दारावर धडका देतायत. त्याला खरं ठरवायला त्याच्या मरणाची वाट बघू नका. अजून त्याच्यात बोलण्यापुरता श्वास आहे, तोवर विचारा त्याला, छातीत कुठली धूळ घेऊन आलास म्हणून.