महापौरांच्या घरचा डबा

माझी बायको सुचेता जपानमधल्या एका शहराची महापौर आहे, असं सांगितलं की पुण्यातले लोक आधी हसतात आणि मग "ऑफिसला साडी नेसून जाते का?" असं विचारतात. मी उत्तर देणं सोडून दिलंय.

हानेकावा हे त्सुकुबाजवळचं, नदीकाठचं छोटं शहर. मी त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक म्हणून आलो आणि भाडं परवडतं म्हणून हानेकावात राहिलो. पहिल्याच आठवड्यात सुचेतानं प्लास्टिकच्या दिवशी ओला कचरा बाहेर ठेवला. शेजारच्या ओकुबो-सान, म्हणजे आपल्या भाषेत ओकुबोबाई, ती पिशवी घेऊन दारात हजर! आता ही बाई भांडणार, म्हणून मी आत सटकलो. त्यांनी मात्र सुचेताला हाताला धरून नेलं, कुठल्या दिवशी काय टाकायचं ते दाखवलं आणि संध्याकाळी शिजवलेल्या मुळ्याचा डबा आणून दिला.

आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. सुचेतानं डब्यात बेसनाचे लाडू घालून दिले. आलेल्या वस्तूची परतफेड केल्याशिवाय ओकुबो-साननाही चैन पडेना. झालं! तो डबा आमच्या दोन दारांमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहिला. मुळा यायचा, चिवडा जायचा. लोणचं यायचं, शंकरपाळे जायचे. सुचेताचं जपानी त्या डब्यामुळेच सुधारलं. माझं अजून सुधारतंय.

ओकुबो-सान आमच्या वस्तीच्या मंडळाच्या प्रमुख होत्या. गुडघे कुरकुरायला लागल्यावर ते काम त्यांनी सुचेताच्या गळ्यात घातलं. मग ती नगरपालिकेत परदेशी कुटुंबांसाठी दुभाषी झाली. शाळेत गप्प बसणाऱ्या परदेशी मुलांसाठी तिनं इतकी भांडणं केली, की लोकच म्हणायला लागले, निवडणुकीला उभी राहा. त्यासाठी भारताचं नागरिकत्व सोडावं लागणार होतं. तिचा पासपोर्ट परत करून आलो तेव्हा ती ट्रेनमध्ये रडली. मीही रडलो, आणि वर तिलाच म्हणालो, "घरात एक तरी भारतीय राहू दे." म्हणून मी अजून भारतीयच आहे.

ती नगरसेवक झाली. पुढे जुने महापौर निवृत्त झाले आणि ती त्या पदाला उभी राहिली. ओकुबो-सान तिथल्या रिवाजाप्रमाणे पांढरे हातमोजे घालून प्रचाराच्या गाडीत बसल्या आणि गावभर हात हलवत फिरल्या. कुणी काही विचारलं की त्यांचं एकच उत्तर असायचं, "ही कचरा नीट वेगळा करते." हानेकावात याहून मोठं प्रमाणपत्र नाही. सुचेता निवडून आली.

शपथ घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी निवडणूक कार्यालयाचे एक अतिशय नम्र गृहस्थ तिला नियम समजावून गेले. लोकप्रतिनिधीनं आपल्या शहरातल्या कुणालाही काहीही भेट द्यायची नाही. लग्नाला फुलं नाहीत, जत्रेला देणगीचं पाकीट नाही. नगरसेवक असतानाही हा नियम होताच, पण डब्यातले लाडू त्यात येतात हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"शेजाऱ्यांना चार लाडू?" सुचेतानं हसत विचारलं.

"लाडूसुद्धा नाहीत, महापौर-सान." गृहस्थ हसले नाहीत.

त्याच संध्याकाळी ओकुबो-साननी अभिनंदनाचा डबा पाठवला. लाल चवळी घातलेला भात होता. जेवणानंतर सुचेतानं डबा घासला, पुसला आणि हातात धरून ओट्याशी उभी राहिली.

"माझ्या नावानं देतो," मी म्हणालो.

"आणि लोक काय म्हणतील? महापौरांच्या घरून आलं म्हणतील. जगदीश, परकी म्हणून माझ्यावर आधीच चार डोळे जास्त आहेत."

ती रिकामा डबा घेऊन गेली. ओकुबो-साननी सगळं ऐकून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि दार लावलं. त्यानंतर डबा आला नाही. रस्त्यात भेटल्या तरी त्या अदबीनं वाकायच्या आणि पुढे जायच्या.

सुचेताचं काम चांगलं चाललं होतं. तिनं म्हाताऱ्यांसाठी बस सुरू केली, रखडलेला वृद्धाश्रम पूर्ण केला. पण घरी आली की विचारायची, "ओकुबो-सान दिसल्या?" मला वाटायचं, म्हातारी रुसली आहे, आणि एवढ्याशा गोष्टीवरून रुसते याचा मला राग यायचा.

दिवाळीत माझं डोकं फिरलं. सुचेता ऑफिसात गेल्यावर मी सहा लाडू एका डब्यात भरले आणि शेजारी निघालो. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात, मी लाडू द्यायला निघून डबा जॅकेटखाली लपवला होता.

ओकुबो-साननी दार उघडलं, डबा पाहिला आणि भडकल्या. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"बायकोचं पद घालवायचंय का तुम्हाला?"

"तुम्ही तिच्याशी बोलत नाही," मीही चिडून म्हणालो. "तिला त्याचा त्रास होतो."

त्यांनी रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी रिकामा डबा देताना तिचा चेहरा मी पाहिला. मी काही पाठवलं तर तिला पुन्हा तसंच यावं लागेल. बोलायला लागले तर पाठवल्याशिवाय मला राहवणार नाही. घेऊन जा ते."

लाडू घेऊन मी घरी आलो. आयुष्यात इतकी लाज मला वाटली नव्हती. संध्याकाळी सुचेताला सगळं सांगितलं. ती लाडवांकडे बघत बसली आणि मग हुंदके देऊन रडली. मला वाटलं, धावत शेजारी जाईल. गेली नाही. "त्यांनी एवढं सांभाळलंय, आता मीच मोडू?" म्हणाली.

त्या हिवाळ्यात ओकुबो-सान पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पुढे एकटीनं राहणं शक्य नव्हतं. सुचेतानं पूर्ण केलेल्या वृद्धाश्रमात भली मोठी प्रतीक्षायादी होती.

"एक फोन कर," मी म्हणालो.

"त्यांनी सांगितलं तरी करणार नाही."

"मग महापौर होऊन उपयोग काय?" मी ओरडलो.

तिनं फोन केला नाही. ओकुबो-साननीही शब्द टाकला नाही. नदीपलीकडच्या गावात जागा मिळाली तिथे त्या गेल्या. त्यांच्या घराला कुलूप लागलं आणि सुचेता तीन दिवस धड जेवली नाही.

मग एका शनिवारी स्वयंपाकघरातून बेसन भाजल्याचा वास आला. नदीपलीकडचं गाव तिच्या शहरात येत नव्हतं. तिथल्या माणसाला काय वाटेल ते द्यायला कायद्याची हरकत नव्हती. तरी शुक्रवारी तिनं त्या नम्र गृहस्थांना फोन करून खात्री करून घेतली होती.

रविवारी आम्ही गेलो. ओकुबो-सान चाकांच्या खुर्चीत खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला, "साखर जास्त झाली" म्हणाल्या आणि तिसरा उचलला. सुचेता त्यांचे पाय दाबत बोलत होती. सगळं एकदम बोलत होती.

निघताना ओकुबो-साननी उरलेले लाडू बशीत काढले, डबा रुमालानं पुसला आणि खोलीभर पाहिलं. पलंग, कपाट, टीव्ही. ना शेगडी, ना मुळा. डबा हातात धरून त्या तशाच थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी ओळखलं. आमच्या ओट्याशी मी ते पाहिलं होतं.

सुचेतानं डबा त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्या कपाटात ठेवून दिला.

"हा इथेच राहू दे," ती म्हणाली. "मी दुसरा आणीन."