हाताच्या मापाची पाकळी

“घड्याळ काढ आणि हात घाल,” बाबा म्हणाले.

ते दाराच्या आत, मी बाहेर आणि मध्ये त्यांनीच बनवलेली लोखंडी जाळी. कडीला नुकतंच तेल दिलं होतं, त्यामुळे त्यांची बोटं काळी झाली होती. मी घड्याळ पर्समध्ये टाकलं, नक्षीतल्या एका पाकळीतून मनगटापर्यंत हात आत घातला, तळवा वळवला आणि कडी उचलली. दार कुरकुर न करता उघडलं.

“बसतो अजून,” ते खूश झाले. “हात आईचा घेतलायस. बाकी सगळं माझं.”

“नाकसुद्धा?”

“नाक तुझं तूच आणलंस. आमच्यात एवढं वर कुणाचं नव्हतं.”

बाबांनी आयुष्यभर जाळ्या आणि फाटकं केली. कुणाच्या दाराची जाळी करायला घेतली की ते आधी घरातल्या बाईला बाहेर बोलवत आणि तारेचं कडं वाकवून तिच्या हाताचं माप घेत. नक्षीतली एक पाकळी त्या मापाची ठेवायची आणि कडी तिच्यामागे, पत्र्याच्या आड बसवायची. दार लागून गेलं तर बाईमाणूस बाहेर ताटकळत राहू नये, एवढंच. नवरे कुरकुरत, आमचं माप का नाही म्हणून. “तुम्ही बेल वाजवता आणि कुणीतरी उघडतं,” बाबा सांगत. आमच्या जाळीला आईच्या हाताचं माप होतं.

आई गेल्यावर परदेशात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने एक माणूस पाठवून घरात दोन कॅमेरे बसवून घेतले. एक दारावर, एक स्वयंपाकघरात. भावाला घरात आम्ही राजा म्हणतो. बाबा त्याला हल्ली राजे म्हणू लागले होते. कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवायचा, ही एकच अट त्यांनी घातली. “बघायचं तेवढं बघ. मी तुझ्या आईच्या फोटोशी काय बोलतो ते ऐकायचं नाही.”

मी चहा टाकत होते तेव्हा राजाचा फोन आला. बाबांनी तो स्पीकरवर लावला.

“तेल कसलं देताय बाबा? ती जाळी काढून टाका आता. उद्या तुम्हाला काही झालं तर लोक बाहेरच उभे राहतील.”

“ताई येईल. तिचा हात बसतो. आत्ताच पाहिलं.”

“आणि चोराचा बसला तर?”

“चोराला पाकळ्या चाचपत बसायला वेळ नसतो. तुझा कॅमेरा काय करतो रे? चोर आला की त्याचा फोटो काढतो. मग आम्ही काय तो चौकटीत घालून भिंतीवर लावायचा?”

“निदान कोण आलं ते कळतं.”

“मला जाळीतून कळतं. शिवाय नको असलेला माणूस बाहेरच राहतो.”

“बरं. पण आतल्या माणसाला काही झालं तर ते जाळीला कळतं का?”

बाबांनी कपातला चहा बशीत ओतला.

“ते मात्र खरं,” ते म्हणाले.

हरल्यावर वाद लांबवण्याची त्यांना सवय नव्हती. चहा झाल्यावर ते स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर आडवे झाले. भट्टीसमोर उभं राहून जगलेल्या माणसाला गादी सोसत नाही, असं ते म्हणत. वर्तमानपत्र उघडून तोंडावर घेतलं. त्याशिवाय त्यांना झोप येत नसे.

“राजे बघत असतील,” मी म्हटलं.

“बघू देत. तोंड झाकलंय,” कागदाखालून आवाज आला. “जाताना दार ओढून घे.”

मी दार ओढलं आणि बाहेरून हात घालून कडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन उचलला नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासत होते. पुन्हा लावला, तरी नाही. मग राजाला विचारलं.

“अगं, समोरच आहेत माझ्या. स्वयंपाकघरात फरशीवर पडलेत, नेहमीसारखे. झोपलेत.”

“सकाळचे?”

“रात्री झोप लागली नसेल. हे बघ, आत्ता हात हलवला. माशीबिशी असेल. तू काम कर तुझं. मी आहे ना!”

त्याच्या आवाजात काळजी होती, हे मी आजही नाकारत नाही. तो तिकडे जागत बसला होता. त्याने आपल्या परीने लक्ष ठेवलं होतं.

दुपारी मी गेले तेव्हा दाराशी शेजारच्या काकू आणि त्यांचे यजमान उभे होते. सकाळचं वर्तमानपत्र घडीसकट जाळीत खोचलेलं होतं.

“बेल वाजवून वाजवून थकले गं,” काकू म्हणाल्या. “माझा हात तर शिरेचना. आमच्या ह्यांनीसुद्धा घालून पाहिला. अंगठ्यापाशीच अडकतो मेला.”

ह्यांच्या हाताची साल निघाली होती. ते तो हात रुमालात धरून, अपराध्यासारखे बाजूला झाले. मी घड्याळ काढलं नाही. पट्टा तुटून ते आत पडलं आणि कडी उघडली.

बाबा ओट्याखाली कुशीवर पडले होते. तोंड उघडं होतं, तोंडावर कागद नव्हता. कागद कसा असेल? तो बाहेर जाळीत होता. उजवा हात डोक्याच्या वर ताणलेला होता आणि मान त्या हाताच्या दिशेने वळलेली होती. मी गुडघ्यावर बसले आणि ते काय बघत होते ते पाहिलं. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात कॅमेरा होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

“ताई, तू पोचलीस वाटतं! उठवू नकोस हं त्यांना. झोपू दे.”

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हे काही झटकन झालेलं नाही. सकाळपासून पडलेले असणार. बोलता येत होतं की नाही, सांगता येत नाही. मी मान हलवली. राजा परदेशातून येईपर्यंत ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि मग सांगायची वेळ निघून गेल्यासारखी झाली. कारण तो दारातच माझ्या गळ्यात पडून म्हणाला, “झोपेत गेले गं. मी बघत होतो. शेवटपर्यंत होतो मी त्यांच्याजवळ.”

हेच वाक्य मग घरभर फिरलं. मामा म्हणाले, मुलगा एवढा लांब, पण डोळ्यांसमोर बाप गेला, याला भाग्य लागतं. आत्याने राजाचा चेहरा कुरवाळला. मी पाठमोरी होऊन कप विसळत राहिले. काकूंच्या यजमानांनी बोटांना पट्टी बांधली होती. राजा त्यांना समजावत होता, “काका, तुम्हीपण कॅमेरे लावून घ्या. या जाळ्याबिळ्यांचा जमाना गेला. अडकलात ना परवा?” काकांनी पट्टीकडे पाहिलं आणि हो म्हटलं. त्यांचीही जाळी बाबांनीच केलेली होती.

परदेशी परत जाण्याआधी राजाने घर भाड्याने द्यायचं ठरवलं. जाळी जुनाट दिसते, भाडेकरू बिचकतात, तेव्हा ती कापून काढायची. कॅमेरे राहतील. आता त्याने आवाजही सुरू करून घेतला होता, म्हणजे कामावर लक्ष ठेवता येईल आणि बोलताही येईल.

आज सकाळी कटरवाला आला. त्याने जाळी वरून खाली न्याहाळली, सांधे चाचपले.

“कुणाचं काम हो हे? कापायला जीव होत नाही. ही एक पाकळी तेवढी चुकलीये वाटतं. मोठी झालीये.”

“चुकलेली नाही,” मी म्हटलं.

दारावरच्या कॅमेऱ्यातून राजाचा आवाज आला. “ताई, जरा बाजूला हो. त्यांना काम करू दे. ठिणग्या उडतील.”

कटरवाला दचकून वर बघू लागला. मी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. पाकळीतून हात घातला आणि कडी लावली. हात बाहेर काढला नाही. आतलं लोखंड गार होतं आणि बोटांना बाबांनी दिलेलं तेल लागलं.

“ताई? ऐकू येतंय ना?”

“येतंय,” मी म्हटलं. मान वर करून मी त्या काळ्या काचेकडे पाहिलं. “तुला येतंय का?”

“हो, अगदी स्पष्ट.”

“राजा, पेपर जाळीतच होता. बाबा झोपले नव्हते. ते तुला हात करत होते.”