तिसरा आकार

कृष्णराज सरांनी आम्हा इंजिनीअरिंगच्या पोरांना भूकंपात पडलेल्या सास्तूर गावी नेलं. त्यांच्या हातात फोमचा चौकोन होता. तो पिळून ते म्हणाले, "हा भिंतीचा एक तुकडा समजा. याचे कंपनाचे आठ आकार असतात. पहिले तीन बिनकामाचे. पहिल्या दोनांत तुकडा नुसता सरकतो, तिसऱ्यात अख्खा फिरतो, ताण शून्य."

मग चौकोन त्यांनी भूकंपातून वाचलेल्या केशरबाई आजींना दिला. "तुमची भिंत तेव्हा कशी हलली, दाखवा."

आजींनी तो न वाकवता तसाच्या तसा आडवा पाडला. आम्ही हसलो.

सर म्हणाले, "नीट आठवा आजी. यात काहीच मोडत नाही."

"व्हय. भिंत मोडलीच न्हाय. अख्खी पडली. खाली माझी दोन लेकरं व्हती."

सर आमच्याकडं वळले. "तिसरा आकार. लिहून घ्या."

आम्ही लिहून घेतलं.